टॉर अडलं तर मदत कुणाकडे मागायची आणि कशी

मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपला रजिस्टर्ड नंबर सांगा." बँकेत गेलं की खाते क्रमांक, सेतू केंद्रात गेलं की आधार कार्ड. आपल्याकडे मदत सुरू होते तीच ओळख पटवण्यापासून. टॉर म्हणजे आपली ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं सॉफ्टवेअर. त्याच्या बाबतीत हे उलटं आहे. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं आणि जे त्याचं जाळं चालवतात, त्यांना तुम्ही कोण आहात हे माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. त्यांच्याकडे तुमचं खातं नाही, काल तुम्ही काय उघडलं होतं याची नोंद नाही. त्यामुळे टॉर अडलं तर समोरचा माणूस "थांबा, सिस्टीममध्ये बघून सांगतो" असं म्हणूच शकत नाही. अडचण कुठे आली, पडद्यावर नेमकं काय दिसलं, हे सगळं तुम्हालाच सांगावं लागतं, आणि तेही स्वतःचं नावगाव बाहेर न पडू देता.

ही सवय आपल्याला नाही. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची कितीतरी मंडळी टॉर ब्राउझर उतरवून घेतात, एकदा जोडलं गेलं नाही की "हे आपल्याकडे चालत नाही" म्हणून काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो आणि तो सांगणारी माणसंही असतात. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, एवढ्यासाठी हा लेख.

टॉर करतं तरी काय

समजा परळीहून पुण्याला एक चिठ्ठी धाडायची आहे, पण ती कुणी कुणाला पाठवली हे वाटेतल्या कुणालाच कळू द्यायचं नाही. तुम्ही ती एका पाकिटात घालता, ते पाकीट दुसऱ्यात आणि ते तिसऱ्यात. पहिला माणूस बाहेरचं पाकीट फोडतो, आत फक्त दुसऱ्याचा पत्ता असतो. दुसरा त्याचं फोडतो, तिसऱ्याचा पत्ता मिळतो. तिसरा शेवटचं फोडून चिठ्ठी पोचवतो. पहिल्याला देणारा माहीत, पण चिठ्ठी कुठे जाणार ते माहीत नाही. तिसऱ्याला ठिकाण माहीत, पण देणारा माहीत नाही. मधल्याला दोन्ही माहीत नाही.

टॉरमध्ये ही तीन माणसं म्हणजे जगभर पसरलेले सर्व्हर. त्यांना रिले म्हणतात. असे रिले हजारोंच्या संख्येने आहेत आणि ते स्वयंसेवक चालवतात: कुठे विद्यापीठ, कुठे छोटी संस्था, कुठे स्वतःच्या खिशातून सर्व्हरचं भाडं भरणारी एखादी व्यक्ती. मूळ कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी ती हाती घेतली, २००२ मध्ये जाळं सुरू झालं आणि २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली. संस्थेत पगारी माणसं आहेत, पण थोडी. ज्या जाळ्यावरून तुमची माहिती जाते, ते मात्र स्वयंसेवकांचं आहे. त्यामुळे टॉर हळू चालतं. वेगासाठी कुणी पैसे भरलेले नाहीत आणि प्रत्येक पान तीन रिले फिरून तुमच्यापर्यंत येतं. हा बिघाड समजू नये.

हे लागतं कुणाला? गोदावरीच्या पात्रातल्या वाळूउपशावर लिहिणाऱ्या तालुक्याच्या बातमीदाराला लागतं. लातूरच्या वसतिगृहात सामाईक वायफायवर मनाच्या आजाराबद्दल वाचू पाहणाऱ्या मुलाला लागतं. आपण कोणतं औषध शोधलं याच्या जाहिराती पुढे महिनाभर मागे लागू नयेत, एवढीच इच्छा असणाऱ्यालाही लागतं. भारतात टॉर वापरणं हा गुन्हा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं आहे. गुन्हा मात्र टॉरवरून केला तरी गुन्हाच राहतो.

मदत मागण्याआधी घड्याळ बघा

टॉर जोडलं जात नाही म्हटल्यावर मी आधी संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख बघायला सांगतो. हे ऐकून लोक थोडे नाराज होतात, पण आपल्या भागात हे कारण वरचेवर सापडतं.

कोणते रिले सध्या चालू आहेत याची यादी टॉरमध्ये दर तासाला नव्याने तयार होते. काही मोजके विश्वासू सर्व्हर तिच्यावर सह्या करतात आणि ती काही तासांपुरतीच ग्राह्य असते. तुमचा संगणक ती यादी उतरवतो आणि स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ जर २०१५ दाखवत असेल, तर त्याच्या दृष्टीने ही यादी भविष्यातली आहे, म्हणून तो ती नाकारतो. टॉर तिथेच थांबतं.

घड्याळ एवढं चुकतं कशामुळे? अंबाजोगाईत एका ओळखीच्यांकडे जुना डेस्कटॉप होता. वीज गेली, मेन स्विच बंद झाला, की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जायची. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. भारनियमनात रोजच त्याच्यावर ताण पडतो आणि काही वर्षांत तो संपतो. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. तो बदलला, तारीख नीट केली आणि त्यांचं टॉर पहिल्या झटक्यात जोडलं गेलं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. दुकानातून संगणक फॉरमॅट करून आणला की कधीकधी त्याचा टाइम झोन अमेरिकेतला पॅसिफिक राहून जातो. आपण घड्याळात बघून काटे हाताने जुळवतो. डोळ्यांना वेळ बरोबर दिसते, पण संगणकाच्या हिशेबात ती बारा-तेरा तास पुढे गेलेली असते. अशा वेळी आधी टाइम झोन कोलकाता करा, मग वेळ आपोआप जुळू द्या.

घड्याळ ठीक असेल तर दुसरं जाळं वापरून बघा. कॉलेजच्या वायफायवर टॉर अडतं पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, असं झालं तर अडथळा कॉलेजच्या बाजूला आहे. जोडणीच्या पानावर टक्के वाढत जातात, त्यावरही नजर ठेवा. पाच-दहा टक्क्यांवरच गाडी अडली तर बहुधा पहिल्या रिलेपर्यंतच पोच होत नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये कनेक्शन या भागात जाऊन ब्रिज चालू करा. ब्रिज म्हणजे ज्याचा पत्ता जाहीर यादीत नसतो असा रिले, म्हणून तो अडवणं अवघड जातं. ओबीएफएस४ आणि स्नोफ्लेक हे दोन प्रकार ब्राउझरमध्ये तयारच असतात. एकाने नाही झालं तर दुसरा लावा. अँटिव्हायरस टॉरच्या फायलीला विनाकारण धोकादायक ठरवतो, असंही होतं. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घेतलेली असेल, तरच तिला सूट द्यायचा विचार करा.

मदत मिळण्याच्या जागा

सगळ्यात आधी सपोर्ट डॉट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तिथे लिहूनच ठेवलेली आहेत. ब्राउझरमध्ये आलेला संदेश जसाच्या तसा तिथल्या शोधात टाकला की अर्धी कामं होतात.

संकेतस्थळच उघडत नसेल तर ईमेलने टॉर मागवता येतं. गेटटॉर ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग या पत्त्यावर आपल्या सिस्टीमचं नाव, म्हणजे विंडोज असेल तर विंडोज, एवढं लिहून पाठवलं की उतरवण्याचे दुवे उत्तरात येतात. हे उत्तर यंत्र देतं, तेव्हा कैफियत लिहीत बसू नका. ब्रिजसाठीही असाच ब्रिजेस ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग हा पत्ता आहे. जीमेल किंवा राइजअप या ईमेल सेवेच्या खात्यावरून मेल गेला तरच तिथून उत्तर येतं.

माणसाशीच बोलायचं असेल तर फ्रंटडेस्क ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग. टेलिग्रामवरही टॉरचं मदतकेंद्र आहे. त्याचं नाव मात्र टेलिग्राममध्ये शोधून काढू नका, सपोर्टच्या पानावरचा दुवाच दाबा, कारण मिळत्याजुळत्या नावाचं खातं कुणीही उघडू शकतं. टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये फोन नंबर 'कुणालाही नाही' असा करून मगच बोला. सॉफ्टवेअरमध्येच दोष सापडला असं वाटत असेल तर त्यांच्या गिटलॅबवर, म्हणजे दोषांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, तक्रार नोंदवता येते, आणि खातं न काढता निनावी नोंदवायचीही सोय आहे. ही सोय त्यांनी मुद्दाम ठेवली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

उत्तर लगेच येईल अशी अपेक्षा धरू नका. समोरची माणसं थोडी आहेत, प्रश्न जगभरातून येतात, आणि आपल्याकडे सकाळ होते तेव्हा अमेरिकेत रात्र पडलेली असते. एक-दोन दिवस जातात. तोच प्रश्न चार ठिकाणी टाकला तर चौघांचा वेळ जातो.

भाषेचा अडसर खरा आहे. बहुतेक मदत इंग्रजीत मिळते. पण कुणाला उत्तम इंग्रजीची अपेक्षा नसते. छोटी-छोटी मोडकी वाक्यं चालतात, अडचण नेमकी कळली म्हणजे झालं.

प्रश्न कसा लिहावा

"टॉर चालत नाही, प्लीज हेल्प" असा मेल गेला तर उत्तरात पाच उलटे प्रश्न येतात आणि दोन दिवस वाया जातात. त्याऐवजी असं लिहा: "विंडोज १० आहे. टॉर ब्राउझर काल अधिकृत साइटवरून घेतला. आवृत्ती अमुक. जोडताना दहा टक्क्यांवर थांबतो. घड्याळ आणि टाइम झोन तपासला, बरोबर आहे. मोबाइल हॉटस्पॉटवरही तसंच. स्नोफ्लेक लावून बघितलं, फरक नाही. लॉग खाली जोडला आहे." एवढ्यावर समोरच्याला काम सुरू करता येतं.

लॉग म्हणजे टॉरची स्वतःची रोजनिशी. सेटिंग्जमध्ये कनेक्शनच्या पानावर तळाशी तो बघायची आणि कॉपी करायची सोय आहे. टॉर लॉगमधले नाजूक पत्ते आपणहून झाकतं, तरी पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचा. कुणी तुम्हाला खासगी ब्रिज दिला असेल आणि त्याची ओळ त्यात दिसत असेल तर ती काढून टाका. ती उघडी पडली तर तो ब्रिज इतरांसाठीही बाद होऊ शकतो.

पडद्याचा फोटो पाठवताना तर फारच जपायला हवं. मी अशी चित्रं बघितली आहेत: मधोमध टॉरचा एरर, वर शेजारच्या टॅबमध्ये व्हॉट्सॲप वेब, त्यावर कुणाचंतरी नाव, खाली उघड्या फायलीवर शाळेचं नाव. आणि एररच्या चौकटीतच फोल्डरचा पत्ता: सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग संगणक पहिल्यांदा चालू करताना टाकलेलं स्वतःचं आडनावासकट नाव. निनावी राहण्यासाठी मदत मागताना माणूस आपली सगळी ओळख त्या एका चित्रात देऊन बसतो. म्हणून शक्यतो चित्राऐवजी मजकूर कॉपी करून पाठवा. चित्रच लागणार असेल तर एररपुरतं कापा. आपण टॉरवर कोणती साइट उघडत होतो, कशासाठी, आपण बातमीदार आहोत की विद्यार्थी, गाव कोणतं, यातलं काहीही सांगायची गरज नसते. देश सांगितला तर उपयोग होतो, कारण अडथळे देशागणिक वेगळे असतात. तालुका सांगून कुणाला काही फायदा नाही.

मदत म्हणून येणारे भामटे

टॉर फुकट आहे. त्याची प्रीमियम आवृत्ती नाही, वर्षाची फी नाही, "जलद सर्व्हर" विकत मिळत नाही. कुणी त्यासाठी यूपीआय मागितला तर संवाद तिथेच थांबवा. कुणी एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगून तुमचा पडदा स्वतःच्या ताब्यात मागितला, तरीही तेच करा. टॉरच्या माणसांना तुमच्या संगणकात शिरायची गरज पडत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवा, उशीर होईल तशी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

ब्राउझरही खोटे फिरतात. २०२२ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की यूट्यूबवरच्या एका चिनी व्हिडिओखालच्या दुव्यातून नकली टॉर ब्राउझर वाटला जात होता, आणि तो वापरणाऱ्याचीच माहिती गोळा करत होता. तेव्हा मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला किंवा ग्रुपवर फिरलेला टॉर घेऊ नका. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये टॉर प्रोजेक्टचा स्वतःचा टॉर ब्राउझर आहे. आयफोनवर संस्था ओनियन ब्राउझर सुचवते.

ज्याला मदतकेंद्राकडेही इलाज नाही

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना भागात इंटरनेट बंद केलं गेलं, तेव्हा अनेकांनी टॉर लावून बघितलं. त्याने काही होणार नव्हतं. एखादी साइट अडवली असेल तर टॉर वळसा घालून नेऊ शकतं, पण इंटरनेटच बंद असेल तर वळसा घालायला रस्ताच उरत नाही. ब्रिजही तिथे हतबल असतो.

बँकेची, सरकारी योजनांची पोर्टलं टॉरवरून अनेकदा उघडत नाहीत, किंवा चित्रं ओळखायला लावून बेजार करतात. टॉरचे शेवटचे रिले जाहीर असतात आणि साइटवाले ते अडवतात. 'या साइटसाठी नवं सर्किट' (म्हणजे रिलेंची नवी वाट) हा पर्याय दाबून बघावा, कधी काम होतं. पण मुळात ओटीपी टाकून स्वतःच्या खात्यात शिरायचं असेल तर टॉर कशाला हवं? तिथे तुम्ही स्वतःच नाव सांगता आहात. त्या कामाला साधा ब्राउझर वापरा.

तिसऱ्या रिलेनंतर साइटपर्यंतचा शेवटचा टप्पा टॉर झाकत नाही. तिथे एचटीटीपीएस, म्हणजे साइटपर्यंतचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय, लागतं. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश संशोधकाने स्वतःचे काही शेवटचे रिले चालवून त्यांवरून जाणारं उघडं बोलणं टिपलं, तर त्यात भारतासह अनेक देशांच्या दूतावासांचे ईमेल पासवर्ड निघाले. टॉर फुटलं नव्हतं. त्या मंडळींनी मजकुराला कुलूपच घातलं नव्हतं.

आणि तुम्ही टॉर वापरता आहात, एवढं तुमच्या इंटरनेट कंपनीला किंवा वायफायवाल्याला दिसू शकतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. तो सापडला, कारण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर वापरणारे थोडेच होते आणि चौकशीत त्याने कबूल केलं. त्याच्यावर झालेली कारवाई रास्त होती. पण याच कारणामुळे एखाद्या छोट्या कार्यालयात आतली भानगड उघड करू पाहणाऱ्या प्रामाणिक माणसानेही कार्यालयाच्या वायफायवरून टॉर लावू नये.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. घरात ज्या बाईचा फोन रोज तपासला जातो, तिला "टॉर टाक" हा सल्ला देऊ नका. टॉर दूरच्या नजरेपासून लपवतं, हातात फोन घेणाऱ्यापासून नाही. टॉरचं चिन्ह कांदा आहे; कांद्याच्या चित्राचं नवं ॲप दिसलं तर त्यावरूनच तिच्यावर संकट येईल. तिच्यासाठी मैत्रिणीचा फोन किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन जास्त सुरक्षित.

आपल्यालाही हात देता येतो

टॉर नीट चालू लागलं की बरेच जण विचारतात, आपण रिले चालवू का. शेवटचा रिले घरच्या ब्रॉडबँडवर मुळीच चालवू नका, टॉर प्रोजेक्टही तेच सांगतं. दुसऱ्याने केलेल्या कामाचा माग तुमच्या दारात येतो आणि पोलिसांना समजावत बसायची वेळ तुमच्यावर येते. स्नोफ्लेकचं तसं नाही. फायरफॉक्स, क्रोम किंवा एजमध्ये स्नोफ्लेकचं एक्स्टेन्शन टाकायचं आणि ब्राउझर चालू ठेवायचा. ज्या देशात टॉर अडवलं आहे तिथला कुणी तुमच्यामार्फत जाळ्यात शिरतो, पण तो शेवटी ज्या साइटवर जातो तिथे तुमचा पत्ता दिसत नाही. घरी फायबर असेल, महिन्याच्या डेटाची चिंता नसेल, तर हे आजच करता येतं. मोबाइलच्या दीड जीबीवर करू नका, दुपारपर्यंत संपेल.

मराठी नीट लिहिता येत असेल तर भाषांतराचंही काम आहे. टॉरचे शब्द आणि मदतीची पानं स्वयंसेवक वेब्लेट नावाच्या ठिकाणी आपापल्या भाषेत आणतात. सुरुवात एररच्या ओळींपासून करावी असं मला वाटतं. अडलेला माणूस आधी त्याच वाचतो.